सहाशे बारा पायांच्या नोंदी

इस्पितळात त्यांना सगळे 'पायवाल्या बाई' म्हणत. नव्यानं लागलेल्या नर्सेस पहिल्यांदा ऐकून दचकत आणि महिन्याभरात स्वतःही तेच म्हणू लागत. मुख्य इमारतीच्या मागं, इस्पितळाच्या चादरी जिथं धुतल्या जात त्या खोलीला लागून, चार पायऱ्या उतरल्या की एक लांबट खोली लागायची. खिडक्या वरच्या बाजूला, जमिनीच्या उंचीवर. त्यांतून बाहेरच्या रस्त्यानं जाणाऱ्यांची फक्त पावलं दिसायची. त्या खोलीत बाई गेली एकतीस वर्षं कृत्रिम पाय बनवत होत्या.

काम असं की पेशंटला खुर्चीवर बसवायचं आणि आपण समोर बुटक्या स्टुलावर बसायचं. कापल्यानंतर उरलेल्या पायाला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि वाळेपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवायच्या. त्यावरून साचा, साच्यावरून सॉकेट. सॉकेट म्हणजे तो पेला, ज्यात उरलेला पाय बसतो. खालची नळी आणि पाऊल तयार मिळतं, बाहेरून खोक्यात भरून येतं. सगळी कसोटी असते ती सॉकेटची. ते दोऱ्याएवढं जरी चुकलं तरी माणूस आठ दिवस पाय लावतो, नवव्या दिवशी दाराआड उभा करून ठेवतो आणि पुन्हा कुबड्या घेतो. कुणाचे पाय धरायचे म्हटलं तर बाईंएवढे कुणी धरले नसतील, असं एक पेशंट म्हणाला होता. बाई त्यावर हसल्या होत्या, पण पंचावन्नाव्या वर्षी त्यांचे दोन्ही अंगठे दुपारनंतर ठणकायला लागायचे, ते त्यामुळंच.

हे काम त्यांना शिकवलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे या खोलीचे आधीचे मालकच म्हणा ना. त्यांनी आयुष्यात एक ओळ लिहून ठेवली नाही. कुणाचा पाय कुठं दुखतो, कुणाला उन्हाळ्यात सूज येते, कोण घरात जमिनीवर बसून काम करतं म्हणून मागची कड खाली घ्यावी लागते, सगळं डोक्यात. एके सकाळी त्यांना झटका आला आणि वाचा गेली. पुढं आठ महिने ते घरात खाटेवर पडून होते. बाई भेटायला जायच्या तेव्हा मास्तर त्यांच्याकडे बघून काहीतरी सांगू पाहायचे आणि मग डोळे मिटून घ्यायचे. इकडं खोलीत मास्तरांची माणसं यायची, आणि बाईंना प्रत्येकाच्या बाबतीत पहिल्यापासून सुरुवात करायला लागायची. एक म्हातारी तर सरळ म्हणाली, "मास्तरांना माहीत होतं. तुम्हाला काय सांगू?"

तेव्हापासून बाई लिहायला लागल्या. आधी वहीत, मग खोलीत संगणक आला तसं त्यात उतरवून वह्या रद्दीत दिल्या आणि पुढं संगणकावरच. रोज दुपारी डबा खाऊन झाला की दोन ते तीन, दोन बोटांनी. माणसागणिक एक फोल्डर. त्यात मापं, चारही बाजूंनी काढलेले फोटो आणि एक 'शेरा' नावाची फाईल. मापं कुणीही घेईल, पण शेरे बाईंचे होते. 'चढताना ठीक, उतरताना घाबरते, धाकटीला बरोबर आणायला सांगावे.' 'सकाळी सॉकेटच्या आत एक मोजा, दुपारनंतर दोन. विसरतात, बायकोला सांगावे.' 'गोडबोलू. पाय वापरत नाही. पावलाचा तळ बघावा, कोरा असतो.' नऊ वर्षांत असे सहाशे बारा फोल्डर झाले. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. नवीन जो कोणी येईल त्याला बाई हे सगळं देणार होत्या. मास्तरांनी दिलं नाही ते आपण देऊ, एवढीच त्यांची हौस होती. कुणाला बोलून दाखवली नव्हती.

दीड वर्षापूर्वी कचेरीतून पत्रक निघालं. आता सगळ्या विभागांच्या फायली आपोआप 'वर', म्हणजे इंटरनेटवर, साठवल्या जाणार होत्या. एके दिवशी संगणकवाला आला. चाळिशीचा, खांद्याला पिशवी, कायम दुसऱ्या कुठल्यातरी विभागात पोहोचायला उशीर झालेला. त्यानं काहीतरी बसवलं आणि बाईंच्या फोल्डरांवर छोट्या हिरव्या खुणा उमटल्या. "आता निवांत राहा," तो म्हणाला. "तुम्ही इथं ठेवलंत की तिकडं आपोआप जातं." बाईंनी मान डोलावली. त्यांना समजलं ते असं, की एक प्रत इथं आणि एक तिथं. त्यांच्या जागी कुणालाही तसंच समजलं असतं.

मग संगणक रडायला लागला. फोटोंनी जागा भरली होती. दर थोड्या वेळानं कोपऱ्यात पाटी यायची, जागा संपत आली, आणि एक फोटो उघडायचा तर तेवढ्यात प्लास्टर वाळून जायचं. संगणकवाल्याला दोनदा फोन केला. तो म्हणाला, येतो, आणि आला नाही. तो तरी काय करणार, आख्ख्या इस्पितळाला तो एकटाच. शेवटी एका दुपारी बाईंनी स्वतःच विचार केला. वर आहेच ना सगळं? मग इथं कशाला अडगळ? त्यांनी सगळे फोल्डर निवडले, त्या आठवड्यात काम चालू असलेली दोन माणसं तेवढी बाजूला ठेवली, आणि बटण दाबलं. एक चौकोन उघडला, त्यात इंग्रजीत लांबलचक काहीतरी विचारलं होतं. बाईंना इंग्रजी येत नव्हतं असं नाही, पण असे चौकोन दिवसाला दहा यायचे आणि सगळ्यांना 'हो' म्हटल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. त्यांनी 'हो' म्हटलं. दीड मिनिट लागलं. मग कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, कारण तीसुद्धा जागा खाते असं त्यांनी ऐकलं होतं. संगणक पळायला लागला. त्या दिवशी संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलंसुद्धा, आज मी संगणक झाडून काढला म्हणून.

त्यांचे यजमान शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. शांत माणूस. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता त्यांनी कप खाली ठेवला आणि छातीवर हात ठेवला. पुढचं सगळं भराभर झालं. गाडी, तपासण्या, शस्त्रक्रिया. बाई ज्या इस्पितळात एकतीस वर्षं काम करत होत्या त्याच इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, खुर्चीत बसून त्यांनी नऊ दिवस काढले. नंतर घरी. गोळ्यांचं वेळापत्रक, पथ्याचं जेवण, जिन्यावरून हळूहळू चालवणं, आंघोळीला बसवणं. मुलगी परगावाहून आठवडाभर आली, तिलाही नोकरी होती, ती गेली. बाईंनी सगळी साठवलेली रजा एकदम खर्च केली. सहा आठवडे त्यांना त्या खोलीची आठवण आली नाही असं नाही, पण आठवण येऊनही करायला काही अंगात उरलं नव्हतं.

रुजू झाल्या त्या दिवशी पहिलेच आले पोस्टमनकाका. आता निवृत्त, पण नाव तेच चिकटलेलं. सायकलवरून पत्रं वाटताना ट्रकखाली पाय गेला, त्याला बावीस वर्षं झाली. बाईंनी त्यांना तीन पाय करून दिले होते, आता चौथा. त्यांची ठरलेली थट्टा होती, एक पाय आधीच पुढं गेलाय, बाकीचा मी मागून सावकाश जातो. बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि मागची मापं बघायला संगणक उघडला. दोनच फोल्डर. बरोबर, बाकीचे त्यांनीच तर काढले होते. त्यांनी 'वर' जाऊन बघितलं. तिथंही दोनच. दोन्हींवर हिरवी खूण, नीटस.

बाईंनी पडद्यावरची खिडकी बंद करून पुन्हा उघडली. संगणक बंद करून पुन्हा चालू केला. पोस्टमनकाका वरच्या खिडकीतून दिसणारी पावलं बघत बसले होते. त्यांना काही कळू न देता बाईंनी पट्टी उचलली आणि मापं नव्यानं घ्यायला सुरुवात केली. मात्र हात थंडगार पडले होते, आणि ते काकांना जाणवलं असणार, कारण ते म्हणाले, "गारठा आहे हो तुमच्या खोलीत."

संगणकवाला त्या दिवशी तासाभरात आला. बाईंचा आवाजच तसा होता. त्यानं खुर्ची ओढली, बराच वेळ इकडंतिकडं उघडून बघितलं आणि मग विचारलं, "तुम्ही इथून काढलंत?"

"इथून काढलं. वरून नाही."

त्यानं कपाळ चोळलं. मग त्यानं समजावून सांगितलं, आणि बाईंना नंतर वाटलं की हीच दोन वाक्यं त्यानं दीड वर्षापूर्वी सांगितली असती तर. "बाई, तिकडं दुसरं कपाट नाहीये. हेच कपाट आहे, त्याला दोन दारं आहेत. या दारातून काढलं की त्या दारातूनही गेलं."

"मग ते साठवणं कसलं?"

"तसंच असतं ते." तो म्हणाला, "तिकडच्या टोपलीत तीस दिवस राहतं. तुम्ही कधी काढलंत?"

बाईंनी बोटांवर मोजलं. शस्त्रक्रियेच्या आधी, म्हणजे सत्तेचाळीस दिवस.

मग त्याला टपाल सापडलं. इस्पितळानं प्रत्येकाला एक ईमेल पत्ता दिला होता, बाई तो कधी उघडत नसत. त्यांना काय कुणाची पत्रं येणार. त्यात न वाचलेली शंभरावर पत्रं होती आणि त्यांत एक त्याच संध्याकाळचं होतं. आपण एकाच वेळी बऱ्याच फायली काढल्या आहेत, चुकून झालं असल्यास तीस दिवसांत परत मिळवता येतील. दुसरं एक पत्र पंचविसाव्या दिवसाचं. त्या दिवशी बाई नवऱ्याचे टाके काढायला घेऊन गेल्या होत्या.

"कळवलं होतं हो त्यांनी," संगणकवाला हळूच म्हणाला. त्यात टोचून बोलण्याचा सूर नव्हता, तरी ते वाक्य बाईंच्या डोक्यात पुढं कितीतरी दिवस फिरत राहिलं.

त्यानं जे करता येईल ते केलं, हे मान्य करायला हवं. यंत्र दोन दिवस स्वतःकडं नेलं. संगणकाच्या आतल्या तबकडीवरून पुसलेलं परत आणायचं काहीतरी चालवून बघितलं. त्यातून अकरा फोटो मिळाले, अर्धे पाय आणि अर्धी करडी पाटी असे. साठवण देणाऱ्या कंपनीला लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं. फार नम्र उत्तर होतं. मुदत उलटल्यानंतर त्यांच्याकडेही काही राहत नाही.

वरिष्ठांनी लेखी मागितलं. एक छापील कागद होता, त्यात 'गेलेल्या माहितीचे स्वरूप' असा रकाना होता, दोन ओळींचा. बाई त्या दोन ओळींसमोर अर्धा तास बसल्या. शेवटी 'रुग्णांची मापे, छायाचित्रे व शेरे' असं लिहिलं. कारणाच्या रकान्यात कारकुनानं आधीच 'मानवी चूक' लिहून ठेवलं होतं. वरिष्ठ चिडले नाहीत. म्हणाले, मापं काय, पुन्हा घेता येतील, पेशंट काही पळून चाललेले नाहीत. आणि मग आपणच काय बोललो ते लक्षात येऊन ओशाळले. बाईंना राग आला नाही. पायऱ्या उतरून खोलीत येताना त्यांना एवढंच वाटलं की कुणीतरी ओरडलं असतं तर बरं झालं असतं, रडायला निमित्त मिळालं असतं.

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, ह्यांना त्रास होईल असं काही बोलू नका. तीन दिवस बाई गप्प राहिल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला गोळी दिली, तेव्हा यजमानांनी ती तळहातावर तशीच धरली आणि विचारलं, "काय झालंय?"

बाईंनी सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी गोळी पाण्याबरोबर गिळली.

"नऊ वर्षं म्हणजे रोज तासभर," ते म्हणाले. "तू उशिरा यायचीस ती याच्यामुळं?"

"दुपारच्या सुट्टीत लिहायचे. उशीर व्हायचा तो कामामुळं."

"बाहेरच्या पेशंटांच्या विभागात नोंदवही असेल ना? नावं, फोन?"

"असेल."

"मग माणसं तर आहेत."

"काही आहेत," बाई म्हणाल्या. "सगळी नाहीत."

त्यांना यजमानांचा थोडा रागच आला. ज्याचं काही हरवलंय त्याला लगेच रस्ता दाखवायचा, ही पुरुषांची खोड. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी बाहेरच्या विभागातून नोंदवही मागवली, कारण दुसरं काही सुचत नव्हतं, आणि दुपारचा दोन ते तीनचा तास रिकामा पडला होता, तो त्यांना खायला उठायचा.

रोज दहा फोन, असं ठरवलं. दहापैकी चार लागायचेच नाहीत. एखादा भलत्याच माणसाला लागायचा आणि तो वैतागायचा, कसला पाय, कोण पाय, दोन्ही आहेत माझे. जे लागायचे त्यांना बाई सांगायच्या की नोंदी अद्ययावत करतोय. खरं सांगायची लाज वाटायची. लोक बोलायचे. बाईंना मापं हवी असायची आणि लोकांना बोलायचं असायचं. एक शिक्षिका चाळीस मिनिटं बोलली. इतक्या वर्षांत माझ्या पायाची चौकशी करायला कुणी आपणहून फोन केला नव्हता, असं म्हणाली. बाईंनी भिंतीला डोकं टेकून सगळं ऐकलं आणि शेवटी कागदावर फक्त 'उजवा, ठीक' एवढंच लिहिलेलं दिसलं.

एका घरी सुनेनं फोन उचलला. सासरे मागच्या वर्षी गेले, म्हणाली. मग घुटमळून म्हणाली, "पाय आहे अजून. फेकवत नाही. कुणाच्या उपयोगी पडेल का?"

बाईंना तिला सांगावं लागलं की एकाचा पाय दुसऱ्याला होत नाही. पाऊल आणि नळी कदाचित चालेल, वरचा पेला नाही. ती म्हणाली, बरं, मग राहू दे. फोन ठेवल्यावर बाईंनी त्या माणसाचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. चेहरा आला नाही. पायाचा शेवटचा भाग आठवला, टाक्यांची वाकडी रेघ, आणि रेघेच्या टोकाला एक तीळ.

पुढं पुढं फोनवर अशी वारलेली माणसं बरीच निघाली. बाई नावापुढं छोटी रेघ ओढायच्या. कंटाळा नावाची गोष्ट बाईंना आधी फारशी ठाऊक नव्हती. आता दीड वाजला की डबा अर्धवट ठेवूनच मिटायच्या. अंगठे सकाळपासूनच दुखायचे. घरी गेल्यावर स्वयंपाक, गोळ्या, जिना उतरणं, जिना चढणं. यजमान सुधारत होते आणि बाई मात्र दिवसेंदिवस वाळत होत्या, असं शेजारीण म्हणाली. तिनं ते काळजीनं म्हटलं, तरी बाईंनी दार जरा जोरातच लावलं.

पोस्टमनकाकांचा नवा पाय या सगळ्या गडबडीतच तयार झाला होता. माप घेताना, साचा करताना बाईंना सारखं वाटत होतं की या माणसाबद्दल काहीतरी आहे. काहीतरी लिहिलेलं होतं, ठळक, वरच्याच ओळीत. आठवत नव्हतं. त्यांनी उरलेला पाय चहूबाजूंनी दाबून बघितला, विचारलं, दुखतं का, इथं दुखतं का. काका म्हणाले, नाही, छान आहे. पाय लावून ते खोलीत दोन चकरा चालले, हसले, गेले. अठरा दिवसांनी ते कुबड्यांवर आले. नडगीच्या हाडाच्या टोकाला आतल्या अंगाला जखम झाली होती, रुपयाएवढी. आजूबाजूचं लाल.

बाईंनी ती बघितली आणि त्यांना ती ओळ तंतोतंत आठवली. 'विचारल्यावर दुखत नाही म्हणतात. दुखतं. आतून दाबावं आणि तोंडाकडे बघावं.' त्या दिवशी त्यांनी दाबलं होतं, पण बघत होत्या आपल्या हाताकडं.

त्यांनी जखम पुसली, वर ड्रेसिंगसाठी पाठवायची चिठ्ठी लिहिली. मग स्टुलावर बसल्या आणि काकांना सगळं सांगितलं. नोंदी अद्ययावत वगैरे नाही, माझ्या हातून गेल्या. सहाशे दहा. तुमचीही. त्यात हे लिहिलेलं होतं, आणि ते असतं तर ही जखम झाली नसती. सांगताना त्या काकांच्या बुटाकडं बघत होत्या, जो एकच होता.

काकांनी कुबड्या भिंतीला टेकवल्या. मग म्हणाले, "मला पाय लावला त्या दिवशीच टोचत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं तोंड बघितलं. तुम्ही दाबून बघत होतात आणि हात तसाच गार होता. तुमच्या यजमानांचं ऑपरेशन झालंय असं वर कळलं होतं मला. म्हटलं, आणखी आपलं कशाला. होईल सवय."

"माझ्यासाठी गप्प बसलात?"

"तुमच्यासाठी असं नाही. माझी सवयच आहे ती, तुम्ही लिहिलीही होतीत म्हणता." ते ओशाळून हसले. "पण तुम्ही पुन्हा अशा दमलेल्या दिसू नका. लोक सांगणार नाहीत मग."

बाई उठल्या, हात धुवायला म्हणून नळाशी गेल्या आणि नळ बराच वेळ चालू ठेवला. आतापर्यंत न आलेलं रडू तेव्हा आलं, आणि पाण्याचा आवाज होता म्हणून बरं. मागं काका खाकरले, खिडकीकडं वळून बसले.

जखम भरायला पाच आठवडे लागले. तोवर बाईंनी नवा साचा केला. प्लास्टर चढवताना या वेळी त्या हाताकडं न बघता तोंडाकडं बघत राहिल्या आणि काका अवघडून म्हणाले, असं बघू नका हो, लग्नाच्या वेळीही कुणी असं बघितलं नव्हतं. आतल्या अंगाला त्यांची पापणी किंचित लवली. बाईंनी तिथं निळ्या पेन्सिलीनं खूण केली. तो पाय बरा बसला. अगदी उत्तम नाही. बाईंच्या मते आधीचा, तिसरा, जास्त चांगला होता.

त्यानंतर त्या फोनवर खरं सांगायला लागल्या. माझ्या हातून नोंदी गेल्या, तुम्हाला काय आठवतं ते सांगा. त्यानं काम सोपं झालं असं नाही. एक गृहस्थ संतापले, आमची माहिती अशी कशी सांभाळता म्हणाले, तक्रार करतो म्हणाले. बाईंनी त्यांना वरिष्ठांचा फोन दिला. काही जणांना आपल्या पायाबद्दल बाईंपेक्षा पुष्कळ जास्त ठाऊक असल्याचं निघालं. एका मुलीची आई दर वर्षी वाढणारी मापं आपल्या पिशवीतल्या चिठ्ठीवर लिहून ठेवायची, ती सगळी तिनं फोनवर वाचून दाखवली, सात वर्षांची. बऱ्याच जणांना काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही पाय लावतो, काढतो, तुम्हीच ते बघायचात, असं म्हणाले. बाई आता दोन ठिकाणी लिहीत होत्या, संगणकावर आणि वहीत. संगणकवाल्यानं एक वेगळी छोटी तबकडी आणून दिली होती. दर शनिवारी तो स्वतः येऊन त्यावर उतरवून घ्यायचा आणि तबकडीची तार उपसून ती कपाटात ठेवायचा. त्यानं न सांगता हे सुरू केलं होतं. बाईंनी कधी त्याला विचारलं नाही.

असं सात महिने चाललं. दोनशे अडतीस फोल्डर झाले. त्यांतल्या कितीकांत नुसती मापं होती, शेरा कोराच. एका बुधवारी दुपारी दोन वाजता बाईंनी नोंदवही उघडली, उरलेली नावं मोजायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. हात फोनकडं जाईना. त्या तशाच बसून राहिल्या. शेजारच्या खोलीतली धुण्याची यंत्रं थांबली होती, त्यामुळं खोली कधी नव्हे इतकी शांत होती. मग त्यांनी नोंदवही मिटली, दोरीनं बांधली आणि बाहेरच्या विभागात नेऊन परत दिली. तिथल्या कारकुनानं विचारलं, झालं का काम. बाई म्हणाल्या, नाही. सही केली आणि निघाल्या.

उरलेले ज्यांचे पाय झिजतील ते येतील. तेव्हा बघू. जे येणार नाहीत त्यांचं नव्या माणसाला पहिल्यापासून करावं लागेल, जसं एकेकाळी त्यांना करावं लागलं होतं. याचं त्यांना वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणंही आता दमलेलं होतं, फार वेळ टिकलं नाही.

त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी अडीचला घरी जायची त्यांना सवय नव्हती. बसमध्ये बसायला जागा मिळाली, खिडकीची. दोन थांबे गेले आणि त्यांना झोप लागली, गाढ, तोंड उघडं टाकून. कंडक्टरनं शेवटच्या थांब्यावर हलवून उठवलं तेव्हा बस रिकामी होती. आपला थांबा पाच थांबे मागं राहिला होता. कंडक्टर म्हणाला, बसा, हीच बस दहा मिनिटांत परत जाते. बाई म्हणाल्या, बरं. त्यांनी घरी फोन करून यजमानांना सांगितलं की बसमध्ये झोप लागली, जरा उशीर होईल, दुपारची गोळी निळ्या डबीत आहे, ती आपली आपण घ्या. ते म्हणाले, घेतली. मग बाईंनी पिशवी मांडीवर घेतली, चप्पल काढून पाय समोरच्या आडव्या दांडीवर टेकवले आणि पुन्हा डोळे मिटले.